निवृत्तीचा हिशेब आणि गणकाचें अनपेक्षित उत्तर

सेवानिवृत्तीनंतरच्या दिवसांची तजवीज किती करावी, हा प्रश्न पूर्वीं घरांतील वडील माणसें वहींत आंकडे मांडून सोडवीत असत. आतां हें काम गणकावर सोंपविण्याची रीत पडली आहे. बँका, भविष्यनिर्वाह निधीची कचेरी, राष्ट्रीय निवृत्तिवेतन न्यास आणि खाजगी गुंतवणूक संस्था या साऱ्यांनीं आपापले गणक लोकांसमोर ठेवले आहेत. वय, पगार, शिल्लक व व्याजाचा दर एवढे चार आंकडे भरले कीं क्षणार्धांत उत्तर हजर होतें. परंतु तें उत्तर वाचून समाधान पावणारा गृहस्थ विरळा. एकाला आंकडा इतका मोठा दिसतो कीं, आपण कोट्यधीश होणार या समजुतीनें तो त्याच दिवशीं काटकसर सैल सोडतो. दुसऱ्याला तो इतका लहान दिसतो कीं, यंत्रच बिघडलें आहे असें ठरवून तो मोकळा होतो. दोघांनींही घाई केलेली असते. बेरीज आणि गुणाकार यांत गणक सहसा चुकत नाहीं. ज्या गृहीतांवर त्यानें उत्तर उभारलें तीं गृहीतें मात्र बहुधा पडद्याआड राहतात, आणि विचारणाराच्या मनांतील गृहीतें त्यांहून निराळीं असतात. अनपेक्षित उत्तर म्हणजे या दोहोंतील अंतर होय. तें अंतर कोठें आहे हें शोधून काढतां येतें, आणि तें शोधणें हेंच गणक वापरण्याचें खरें काम आहे.

उदाहरणादाखल यवतमाळ शहरांतील एक कल्पित गृहस्थ घ्यावे. वय ६० वर्षें. भविष्यनिर्वाह निधि, ग्रॅच्युइटी आणि आयुष्यभराची बचत मिळून त्यांच्यापाशीं ५० लाख रुपये आहेत. राहतें घर स्वतःचें आहे, आणि दोघां माणसांचा महिन्याचा खर्च, औषधपाणी धरून, ३० हजार रुपये आहे. हे गृहस्थ मनांतल्या मनांत असा हिशेब करतात: दरसाल दरशेंकडा ७ प्रमाणें ५० लाखांचें व्याज साडेतीन लाख, म्हणजे महिन्याला २९ हजारांहून थोडें अधिक. खर्च जवळजवळ व्याजांतच भागला. मुद्दल जसेंच्या तसें राहील आणि पुढें मुलांना मिळेल. इतकें ठरवून ते केवळ खातरजमेसाठीं गणकाकडे वळतात. व्याज ७ टक्के, महागाई ६ टक्के असे आंकडे भरतात, आणि गणक सांगतो कीं, पंधरावें वर्ष पुरें होण्याच्या आंतच पैसा संपेल. म्हणजे वयाच्या ७५ व्या वर्षीं हात रिकामे!

येथें चूक कोणाची? व्याजाचा गृहस्थांचा हिशेब बरोबर होता. त्यांनीं सोडून दिलेली गोष्ट एकच: खर्च आज आहे तेथें थांबत नाहीं. दरसाल ६ टक्क्यांनीं वाढणारी किंमत सुमारें १२ वर्षांत दुप्पट होते. आज ३० हजारांत चालणारें घर बहात्तराव्या वर्षीं ६० हजारांवर जातें. व्याज मात्र ५० लाखांवर साडेतीन लाखच राहतें. पहिल्या वर्षीं ही तूट इतकी बारीक असते कीं ती जाणवतही नाहीं. वर्षाच्या आरंभीं वर्षाचा खर्च काढून घेतला असें धरलें, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस शिल्लक ४९ लाख ६५ हजार असते. पांच वर्षांनीं ती ४५ लाखांच्या वरच असते, आणि गृहस्थ निश्चिंत असतात. दहाव्या वर्षाच्या अखेरीस ती ३० लाखांवर येते. यानंतर जें घडतें तें फार जलद घडतें. पहिल्या पांच वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास गेले, दुसऱ्या पांचांत पंधरा लाख गेले, आणि तिसऱ्या पांचांत उरलेले तीसही पुरत नाहींत. विहिरीचें पाणी उपसतांना तळाशीं येईपर्यंत कळत नाहीं, तसाच हा प्रकार. पांच वर्षें सुखानें गेलीं यावरून पुढचीं वीस जातील असा तर्क करणारांची फसगत येथेंच होते.

हें उत्तर पडताळून पाहण्यास गणकाचीही गरज नाहीं. व्याज ७ आणि महागाई ६ असेल तर खरें व्याज एक टक्काच, किंबहुना त्याहूनही किंचित कमी. तें क्षणभर शून्य मानावें. मग प्रश्न केवळ भागाकाराचा उरतो: ५० लाखांना ३ लाख ६० हजारांनीं भागावें, उत्तर चौदाच्या जवळपास येतें. एक टक्क्याचें जें अल्प व्याज उरतें त्यानें ही मुदत जेमतेम एका वर्षानें वाढते. कोणत्याही गणकाचें उत्तर समोर आलें कीं हा भागाकार आधीं करून पाहावा. दोन्ही उत्तरें जवळपास जुळलीं तर यंत्र ठीक आहे व धक्का आपल्याच समजुतीचा आहे. तीं फार दूर असलीं तर कोणता तरी आंकडा चुकीच्या रकान्यांत पडला आहे. महिन्याचा खर्च वर्षाच्या रकान्यांत लिहिणें हा प्रमाद फार जणांकडून होतो, आणि त्याचें उत्तर अर्थातच अत्यंत गोड येतें.

तीच ५० लाखांची पुंजी ३० वर्षें पुरवावयाची असेल, तर त्याच दरांनीं पहिल्या वर्षीं महिन्याला सुमारें १५ हजार ९०० रुपयेच काढतां येतात. २५ वर्षांसाठीं सुमारें १८ हजार ६०० रुपये. तीस हजारांच्या अपेक्षेपुढें हा आंकडा निम्मा आहे. अमेरिकेंत विल्यम बेंगन या सल्लागारानें १९९४ सालीं तेथील जुन्या बाजारभावांवरून असें दाखविलें होतें कीं, पुंजीचा चार टक्के भाग पहिल्या वर्षीं काढावा, पुढें महागाईप्रमाणें ती रक्कम वाढवावी, म्हणजे पैसा ३० वर्षें टिकतो. हा चार टक्क्यांचा नियम हल्लीं पुष्कळ गणकांत मुकाट्यानें बसविलेला असतो. तो अमेरिकेच्या शेअर व रोखे बाजाराच्या इतिहासावर उभा आहे आणि त्यांत निम्मी रक्कम शेअरांत असल्याचें धरलेलें आहे. बँकेच्या मुदतठेवीवर विसंबणाऱ्या दारव्ह्याच्या किंवा दिग्रसच्या गृहस्थाला तो जसाच्या तसा लागू पडावा असें कांहीं कारण नाहीं.

महागाई विसरल्यानें उत्तर धक्कादायक लहान येतें तें असें. आतां याच्या उलट प्रकार पाहण्याजोगा आहे, कारण त्याची भुरळ अधिक पडते. जिल्हा परिषदेच्या शाळेंत नुकताच लागलेला २८ वर्षांचा शिक्षक राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा गणक उघडतो. आपली वर्गणी, सरकारची वर्गणी आणि अपेक्षित व्याज भरतो. ५८ व्या वर्षीं दरमहा ४० हजार रुपये मिळतील असें उत्तर आलें असें समजावें. आंकडा चांगला दिसतो. परंतु हे ४० हजार तीस वर्षांनंतरचे रुपये आहेत. महागाई ६ टक्के धरली, तर त्यांची आजच्या बाजारांतील किंमत ७ हजारांच्याही किंचित आंतच भरते. ५ टक्के धरली तर सव्वानऊ हजार, आणि ४ टक्के धरली तर सव्वाबारा हजारांच्या आसपास. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के खालीं-वर, ठेवण्याचें उद्दिष्ट २०१६ सालीं कायद्यानें ठरवून देण्यांत आलें. तेव्हां चार ते सहा हा पट्टा कल्पनेंतला नाहीं. गणकाच्या उत्तराखालीं ‘आजच्या किंमतींत’ असें लिहिलेलें आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून त्या उत्तराला अर्थच नसतो. कांहीं गणक दोन्ही आंकडे देतात. पुष्कळ गणक मोठाच आंकडा देतात, आणि तो मोठ्या ठशांत देतात.

अटल पेन्शन योजनेचें उदाहरण याहूनही बोलकें आहे. २०१५ सालीं सुरू झालेल्या या योजनेंत ६० व्या वर्षानंतर दरमहा १ हजारापासून ५ हजारांपर्यंत निवृत्तिवेतनाची हमी आहे. १८ व्या वर्षीं नांव नोंदवून महिन्याला २१० रुपये भरले कीं ५ हजारांची पायरी मिळते. घाटंजी किंवा राळेगांव भागांतील एखादा तरुण या ५ हजारांवर म्हातारपणाचा भार टाकूं पाहील. मधलीं वर्षें ४२ आहेत. सहा टक्के महागाईनें इतक्या काळांत किंमती साडेअकरा पटींनीं वाढतात, आणि त्या ५ हजारांत आजच्या सव्वाचारशे-साडेचारशे रुपयांचें सामान येईल. योजनेनें कोणाला फसविलेलें नाहीं. जेवढें वचन दिलें तेवढें ती देईल. २१० रुपयांत त्याहून अधिकाची अपेक्षा करणेंही न्याय्य नव्हे. मात्र ती एकटी घर चालवील असें मानून दुसरी तजवीज न करणारा तरुण पुढें अडचणींत येईल.

व्याजाच्या दराविषयीं लोकांची स्मरणशक्ति विलक्षण चिवट असते. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर १९८६ पासून १९९९ अखेर १२ टक्के व्याज मिळे. २००० च्या जानेवारींत तें ११ झालें, २००३ च्या मार्चपर्यंत ८ वर आलें, आणि २०२० च्या एप्रिलमध्यें ७.१ झालें. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचीही तीच कथा: १९९० च्या दशकांत १२ टक्के, २०२३-२४ सालीं ८.२५ टक्के. ज्या पिढीनें बारा टक्के पाहिले ती पिढी आजही गणकांत सहज बारा लिहून जाते. एका-दोन टक्क्यांनीं काय बिघडतें, असें तिला वाटतें. दरमहा ५ हजार रुपये ३० वर्षें साठविले तर पदरचे जातात १८ लाख. ८ टक्क्यांनीं त्यांचे साडेचौऱ्याहत्तर लाख होतात, १० टक्क्यांनीं १ कोटि १३ लाख, आणि १२ टक्क्यांनीं १ कोटि ७५ लाखांच्या घरांत. चार टक्क्यांच्या फरकानें एक कोटीचा फरक पडला! शिवाय चक्रवाढीची वाढ अखेरच्या वर्षांत एकवटलेली असते. दहा टक्क्यांच्या हिशेबांत पहिल्या वीस वर्षांच्या शेवटीं ३८ लाख जमतात, आणि शेवटच्या दहा वर्षांत ७५ लाखांची भर पडते. म्हणूनच बचतीचा आरंभ पांच वर्षें लांबविला तर अंतिम रक्कम १ कोटि १३ लाखांवरून ६६ लाखांवर घसरते. पांच वर्षांत भरावयाचे होते तीन लाख, आणि कमी झाले सत्तेचाळीस लाख. हें उत्तर पाहून यंत्राला दोष देणारे पुष्कळ भेटतात.

येथवर पुंजी आणि व्याज यांचा विचार झाला. परंतु यवतमाळ जिल्ह्यांत ज्या एका आंकड्यानें अधिक घरांत निराशा केली असेल, तो कामगार निवृत्तिवेतन योजनेचा, म्हणजे १९९५ सालच्या योजनेचा आहे. एस. टी.च्या आगारांतील वाहक-चालक, सहकारी संस्थांचे व कारखान्यांचे नोकर, असे नाना प्रकारचे लोक या योजनेखालीं येतात. तिचें सूत्र दिसावयास अगदीं सोपें आहे: निवृत्तिवेतनास पात्र पगार गुणिले पात्र सेवेचीं वर्षें, भागिले ७०. पात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, आणि त्याला १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजारांची मर्यादा आहे. पगार चाळीस हजार असो वा साठ हजार, सूत्रांत पंधराच हजार शिरतात. कारण मालकाच्या वर्गणींतून या निधींत जाणारे ८.३३ टक्केही पंधरा हजारांवरच, म्हणजे महिना १,२५० रुपयेच, कापले जातात. पगाराच्या निम्म्याची आशा बाळगणारास पहिला धक्का येथें बसतो.

दुसरा धक्का याहून सूक्ष्म आहे, आणि सूत्र पाठ असलेल्या माणसासही तो चुकत नाहीं. पुसदच्या आगारांतील एक कल्पित वाहक १ सप्टेंबर १९९९ रोजीं या योजनेंत आला आणि ३१ ऑगस्ट २०२४ रोजीं ५८ वर्षांचा झाला असें धरावें. सेवा २५ वर्षांची. पंधरा हजार गुणिले पंचवीस, भागिले सत्तर: उत्तर ५,३५७ रुपये. प्रत्यक्षांत मंजूर होणारी रक्कम मात्र बरीच कमी निघते. कारण २०१४ सालच्या दुरुस्तीनें सेवेचे दोन तुकडे पाडले आहेत. १ सप्टेंबर २०१४ पूर्वींच्या सेवेला जास्तींत जास्त ६,५०० रुपयांचा पगार धरावयाचा, आणि त्यानंतरच्या सेवेला जास्तींत जास्त १५ हजारांचा. या वाहकाचीं पहिलीं १५ वर्षें साडेसहा हजारांच्या हिशेबानें व नंतरचीं १० वर्षें पंधरा हजारांच्या हिशेबानें मोजलीं जातात. पहिल्या तुकड्याचे १,३९३ आणि दुसऱ्याचे २,१४३, मिळून ३,५३६ रुपये. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल दोन वर्षांची जी जादा भर मिळते तिनें यांत दोनशें ते चारशें रुपयांची वाढ होते, इतकेंच. ५८ च्या आधीं, म्हणजे पन्नाशीनंतर केव्हांही, निवृत्तिवेतन मागितल्यास प्रत्येक वर्षाला ४ टक्क्यांची कपात होते, ती निराळीच.

भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीचा गणक जेव्हां असा आंकडा दाखवितो, तेव्हां तो नियमाला धरून असतो. नियम न्याय्य आहे कीं नाहीं हा वेगळा वाद आहे, आणि तो वाद विदर्भांत चांगलाच पेटलेला आहे. या योजनेचें किमान निवृत्तिवेतन २०१४ सालीं १ हजार रुपये ठरलें. तें साडेसात हजार करावें आणि त्याला महागाईभत्त्याची जोड द्यावी, या मागणीची चळवळ बुलढाणें जिल्ह्यांतून देशभर चालविण्यांत आली आहे. पूर्ण पगारावर वर्गणी भरून अधिक निवृत्तिवेतन घेण्याचा प्रश्न ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें पुनः उभा राहिला. त्यासाठीं अर्ज करणारांना मागच्या वर्षांच्या वर्गणीचा फरक व्याजासह भरावा लागतो. पुष्कळांनीं केवळ वाढीव निवृत्तिवेतनाचा आंकडा पाहिला होता. आधीं परत करावयाची लाखांतील रक्कम हिशेबांत दिसूं लागली तेव्हां त्यांतले कित्येक विचारांत पडले. ही रक्कम व्याजीं लावली असती तर काय मिळालें असतें, हेंही त्याच पानावर मांडून पाहिल्यावांचून तो सौदा फायद्याचा कीं तोट्याचा हें सांगतां येत नाहीं.

प्रसंगोपात्त एक गोष्ट नमूद करणें जरूर आहे. वणी भागांतील कोळशाच्या खाणींत काम करणारांची निवृत्तिवेतन योजना निराळी, १९९८ सालची आहे. वरचें सत्तरांनीं भागण्याचें सूत्र त्यांना लागू नाहीं. शेजाऱ्याचा गणक घेऊन आपला हिशेब करणाऱ्या खाणकामगाराचें उत्तर चुकलें, तर त्यांत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नाहीं.

एकाच शाळेंत शेजारच्या वर्गांवर शिकविणाऱ्या दोन शिक्षकांचीं उत्तरेंही अशींच वेगळीं येतात. महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं नेमणूक झालेल्यास जुनी पद्धति लागू आहे: अखेरच्या पगाराच्या निम्में निवृत्तिवेतन आणि त्यावर वाढती महागाईवाढ. त्या दिवसापासून पुढें लागलेल्यास वर्गणीची योजना. गणकांत ‘अपेक्षित निवृत्तिवेतन’ असा एकच रकाना असतो. पहिल्या शिक्षकानें त्यांत ३० हजार लिहिले तर ते दरसाल वाढत जाणारे ३० हजार आहेत. दुसऱ्यानें विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घेऊन मिळणारे ३० हजार लिहिले, तर ते बहुधा मरेपर्यंत तीसच हजार राहतात. आंकडा एक, अर्थ दोन. वर ज्या गृहस्थांची पुंजी पंधरा वर्षांत आटली त्यांचें कारणही हेंच होतें. २०२३ च्या मार्चमध्यें राज्यांतील सरकारी-निमसरकारी सेवकांनीं जुन्या निवृत्तिवेतनासाठीं जो संप केला, त्याच्या मुळाशीं हा फरक होता, आणि तो फरक किती मोठा आहे हें ज्यानें त्यानें गणकावर आपल्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. पुढें २०२४ च्या ऑगस्टमध्यें केंद्र सरकारनें एकीकृत योजना जाहीर केली. तींत २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराचा निम्मा भाग व त्यावर महागाईवाढ, असें वचन आहे. राज्य मंत्रिमंडळानेंही त्याच महिन्यांत तिचा स्वीकार केला. जुना गणक उघडून या नव्या योजनेचा हिशेब करणारास तो चुकीचेंच उत्तर देणार, हें उघड आहे.

आतां सरासरी या शब्दाविषयीं. व्याजाची सरासरी १० टक्के आहे, असें शेअरांशीं निगडित निधीविषयीं सांगण्यांत येतें, आणि गणक दरवर्षीं नियमानें दहा टक्के मांडीत जातो. सरासरीवर किती विसंबावें हें कापूस पिकविणाऱ्या यवतमाळच्या शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. वर्षाचा पाऊस सरासरी इतका पडला तरी, पेरणीनंतर पाऊस तीन आठवडे दडी मारून बसला तर दुबार पेरणी कपाळीं येते, आणि बोंडें फुटण्याच्या वेळीं तोच पाऊस कोसळला तर कापूस भिजतो. पाऊस तेवढाच; क्रम वेगळा. निवृत्त माणसाच्या पैशाचें अगदीं असेंच आहे. वीस लाखांच्या पुंजीवर तीन वर्षांत अनुक्रमें २० टक्के घट, १० टक्के वाढ आणि २५ टक्के वाढ झाली असें मानावें. पैसा काढला नाहीं तर शेवटीं २२ लाख होतात. क्रम उलटा केला तरी बावीसच. परंतु दरवर्षीं आरंभीं दोन लाख खर्चाला काढले, तर घट पहिल्या वर्षीं आल्यास शेवटीं १४ लाख ५५ हजार उरतात, आणि तीच घट तिसऱ्या वर्षीं आल्यास १६ लाख ४४ हजार. तीनच वर्षांत पावणेदोन लाखांहून अधिक अंतर पडलें. बाजार पडलेला असतांना खर्चासाठीं विकावे लागलेले शेअर पुढच्या वाढींत नसतात, हें त्याचें कारण. नवे कांहीं गणक यासाठीं हजारों काल्पनिक क्रम मांडून ‘शंभरांत सत्तर वेळां पैसा पुरेल’ अशा भाषेंत उत्तर देतात. एकच आंकडा मागणारास तें उत्तर टाळाटाळीचें वाटतें, पण तें अधिक प्रामाणिक आहे.

गणकांतील एक रकाना भरतांना लोकांचा हात अडखळतो, तो आयुर्मानाचा. अशुभ बोलूं नये म्हणून असो वा वर्तमानपत्रांतील आंकडा ध्यानांत राहिल्यामुळें असो, बहुतेक जण सत्तर किंवा पंचाहत्तर लिहितात. जन्माच्या वेळचें सरासरी आयुष्य भारतांत सत्तरांच्या आसपास आहे, हें खरें. पण त्या सरासरींत लहानपणीं व तरुणपणीं गेलेलेही मोजलेले असतात. ज्यानें साठी गांठली तो त्या साऱ्या संकटांतून पार पडलेला असतो, आणि त्याच्यापुढें सरासरीनें आणखी सुमारें १८ वर्षें असतात. सरासरी अठरा, याचा अर्थ पुष्कळ जण त्याहूनही पुढें जातात. ज्याच्या नांवानें धूमकेतु ओळखला जातो त्या एडमंड हॅली या ज्योतिर्विदानें १६९३ सालीं ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून हाच विचार मांडला होता. कोणत्या वयाच्या माणसाला वार्षिकी किती किंमतीस विकावी, हें त्यानें त्या वयाला जिवंत असलेल्यांच्या पुढील आयुष्यावरून ठरविलें. आजचा प्रत्येक निवृत्तिगणक हॅलीच्याच त्या कोष्टकाचा वंशज आहे. तरीही आपल्या घरांत ऐंशी-नव्वदी ओलांडलेले आजोबा-आजी पाहिलेला गृहस्थ गणकांत पंचाहत्तर लिहून मोकळा होतो, आणि उत्तर सुखाचें आलें म्हणून खूष होतो.

ज्यांच्या हिशेबाला गणकांत जागाच नाहीं अशीं घरें या जिल्ह्यांत थोडीं नाहींत. वकील, डॉक्टर, दुकानदार, अडते यांना निवृत्तिवेतन नाहीं. पण कोठें आठ-दहा एकर कोरडवाहू जमीन असते, कोठें बाजारपेठेंतील गाळा असतो. गणक जमिनीविषयीं विचारीत नाहीं. म्हणून कांहीं जण तिची बाजारभावानें किंमत करून ती पुंजींत मिळवितात आणि वर तिच्यावर आठ टक्के व्याज धरतात. विकावयाची नाहीं असा ज्या शेताविषयीं घरांत निश्चय आहे, तें पुंजींत धरणें व्यर्थ होय. मक्त्याचें किंवा भाड्याचें जें उत्पन्न खरोखर हातीं येतें तेवढेंच, आणि तेंही वाईट सालाचें धरून, उत्पन्नाच्या बाजूला लिहावें. मुलाकडून येणाऱ्या मदतीचेंही तसेंच. ती येईलही; पण तिचा आंकडा मुलाला विचारल्याशिवाय लिहिण्यासारखा नसतो.

गणकाशीं व्यवहार करण्याची एक साधी रीत आहे. पहिलें उत्तर कागदावर टिपून ठेवावें. मग एका वेळीं एकच आंकडा बदलावा: महागाई एकानें वाढवावी, व्याज एकानें घटवावें, आयुर्मान पंचाहत्तराऐवजीं नव्वद लिहावें, आणि प्रत्येक वेळीं उत्तर किती हललें हें पाहावें. ज्या आंकड्यानें उत्तर सर्वांत अधिक हलतें, त्याचीच अधिक चौकशी करावी. बाकीच्यांचा घोळ घालण्यांत अर्थ नाहीं. बहुधा असें आढळून येतें कीं, अर्ध्या टक्क्याचें व्याज अधिक मिळावें म्हणून बँका पालथ्या घालण्यापेक्षां दोन वर्षें अधिक काम केल्यानें उत्तर पुष्कळ सुधारतें. दोन वर्षांची बचत वाढते, पुंजीला हात लागत नाहीं, आणि खर्चाचीं वर्षेंही दोनांनीं कमी होतात.

शेवटीं आणखी एक रकाना राहतो, आणि तो पुष्कळ गणकांत नसतोच. गणक वय विचारतो तें कमावत्या माणसाचें. घरांत माणसें दोन असतात. पत्नी वयानें बहुधा तीन-चार वर्षांनीं लहान, आणि स्त्रियांचें सरासरी आयुष्य पुरुषांपेक्षां अधिक. तेव्हां हिशेबाची मुदत तिच्या आयुष्यापर्यंत न्यावयास हवी. वर सांगितलेल्या वाहकाच्या पश्चात् १९९५ च्या योजनेप्रमाणें त्याच्या विधवेस निम्मी रक्कम मिळते, म्हणजे ३,५३६ चे १,७६८ रुपये. घराचा कर, विजेचें बिल आणि औषधांचा खर्च निम्मा होत नाहीं. पतीच्या वयाऐवजीं पत्नीचें वय घालून, निवृत्तिवेतनाच्या रकान्यांत १,७६८ लिहून, गणक पुनः एकदां चालवावा; आणि तो चालवितांना तिलाही शेजारीं बसवावें, कारण त्या उत्तरावर पुढें दिवस काढावयाचे आहेत ते तिला.